पोर्टफोलिओची नवी फाईल नको, आधी जर्नल खरं होऊ द्या

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या सायन्स कॉलेजांच्या बोर्ड ऑफ स्टडीजवरचे (अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळावरचे) सर आणि मॅडम, सगळे एचओडी म्हणजे विभागप्रमुख, आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस घेणारे शिक्षक,

सप्रेम नमस्कार.

मी ऐरोलीला राहते आणि महापेला एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये, काम करते. बी.एस्सी. केमिस्ट्री ठाण्यातूनच झालं. आमच्याकडे फ्रेशर येतात त्यांना बेंचवर उभं करून शिकवायचं काम माझ्याकडे असतं, आणि घरात माझी भाची सेकंड इयरला आहे, त्यामुळे कॉलेजची लॅब आणि कंपनीची लॅब या दोन्हीबद्दल रोज काही ना काही कानावर येतंच. मध्ये तिने सांगितलं की आता प्रत्येकाला पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामाची फाईल, ठेवायचाय, त्यात रिफ्लेक्शन लिहायचंय म्हणजे आपण काय केलं, काय चुकलं, काय शिकलो यावर विचार करून लिहायचं, आणि त्याला इंटर्नलचे मार्क आहेत. मला मनापासून बरं वाटलं. पण तिचं पुढचं वाक्य होतं, "मावशी, सिनिअर्सकडे अजून कोणाकडेच नाहीये गं, मग बघून कुठून लिहायचं?" म्हणून हे पत्र लिहितेय.

माझं म्हणणं एवढंच आहे की नवी फाईल उघडायच्या आधी जुन्या फाईलचं काय झालं ते बघा. आपल्याकडे पोर्टफोलिओ आहे की ऑलरेडी, त्याला आपण जर्नल म्हणतो. एम म्हणजे उद्देश, अपॅरेटस, प्रिन्सिपल, प्रोसिजर, ऑब्झर्व्हेशन टेबल, कॅल्क्युलेशन, रिझल्ट, खाली सरांची सही आणि तारीख, शेवटी सर्टिफिकेटच्या पानावर एचओडींची सही, आणि ते सर्टिफाय झालं नाही तर प्रॅक्टिकल एक्झामला बसता येत नाही. ज्याने कोणी ही पद्धत सुरू केली त्याला हेच हवं असणार की मुलाने स्वतः काय केलं त्याची स्वतःच्या हाताने नोंद ठेवावी. आता सबमिशनच्या आठवड्यात संध्याकाळच्या ठाणे-वाशी ट्रेनमध्ये बघा, एका पोरीच्या मांडीवर दोन जर्नल असतात, एक उघडं ज्यातून बघायचं आणि एक ज्यात लिहायचं, आणि ज्यातून बघायचं ते बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या कोणाचं तरी असतं. प्रयोग झालेला असतो, रीडिंगही घेतलेलं असतं, पण ते कुठेतरी रफ पानावर पेन्सिलने लिहिलेलं असतं आणि ते पान तोपर्यंत हरवलेलं असतं. जर्नलमध्ये येतं ते दुसऱ्याचं.

टायट्रेशनचं साधं उदाहरण घ्या, म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणांच्या नळीतून एक द्रावण दुसऱ्यात सोडत रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. पहिलं रीडिंग १०.४, दुसरं १०.१, तिसरं १०.२. जर्नलमध्ये काय येतं? १०.२, १०.२, १०.२, आणि शेजारी कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे गणितात धरायचं सारखं आलेलं रीडिंग, १०.२. आता पहिल्या वेळी १०.४ का आलं याचं उत्तर त्या मुलीला माहीत असतं. फिनॉल्फ्थॅलीन या इंडिकेटरचा गुलाबी रंग दिसेपर्यंत ती ब्युरेटचा कॉक म्हणजे तोटी उघडून भरभर सोडत राहिली, फिका गुलाबी हवा होता तो गडद झाला, मग दुसऱ्या वेळी शेवटी थेंब थेंब सोडलं आणि फ्लास्क पांढऱ्या टाईलवर ठेवला. म्हणजे त्या पंधरा मिनिटांत ती खरोखर काहीतरी शिकली! हातातलं काम चालू असताना स्वतःला सुधारणं आणि काम झाल्यावर मागे वळून बघणं, या दोन गोष्टी डोनाल्ड शॉन या माणसाने १९८३ साली वेगळ्या करून दाखवल्या आणि आज रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस म्हणून जे काही शिकवलं जातं त्यातलं बरंचसं तिथून पुढे आलं. त्या मुलीने पहिली गोष्ट केली. दुसरी करायला कागदावर १०.४ शिल्लक असायला हवं होतं, आणि आपण नेमकं तेच खोडायला शिकवतो.

आमच्याकडे याचा काय परिणाम होतो ते सांगते. आमच्या लॅबमध्ये पेन्सिल चालत नाही, व्हाईटनर चालत नाही, सुटा कागद चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला नवा आकडा, कारण, सही, तारीख. ज्या क्षणी केलं त्याच क्षणी लिहायचं, नंतर आठवून लिहायचं नाही. एखादं रीडिंग लिमिटच्या बाहेर गेलं की त्याला आम्ही ओओएस (आउट ऑफ स्पेसिफिकेशन) म्हणतो, मग चौकशी बसते. ग्लासवेअर कोणतं होतं, तुलनेसाठीचं स्टँडर्ड द्रावण कधी बनवलं, बॅलन्स म्हणजे वजनकाटा त्या दिवशी कॅलिब्रेट झाला होता का, वजन कोणी केलं, सगळं मागे जाऊन बघायचं, कारण शोधायचं, आणि ते परत होऊ नये म्हणून काय करणार ते लिहायचं. परत टेस्ट करून चांगला आलेला आकडा ठेवायचा आणि पहिला फेकून द्यायचा, याला बंदी आहे. त्यामागे एक कोर्टाचा निकाल आहे, १९९३ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या कोर्टात बार लॅबोरेटरीज नावाच्या औषध कंपनीवर केस झाली होती, त्यात पास होईपर्यंत टेस्ट करत राहायची पद्धत कोर्टाने नाकारली, आणि पुढे २००६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ओओएसवर सविस्तर गाईडन्स काढलं. टीटीसी एमआयडीसीत, म्हणजे आपल्या नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात, दिघ्यापासून नेरूळपर्यंत औषधाच्या आणि केमिकलच्या जेवढ्या लॅब आहेत त्यात आपल्याच कॉलेजांची पोरं लागतात, आणि ज्यांचा माल अमेरिकेला जातो त्यांना हे पाळावंच लागतं.

आणि आमच्याकडे येणारा फ्रेशर हुशार असतो, थिअरी पाठ असते, हातही बरा असतो, पण पहिल्या महिन्यात त्याला सगळ्यात जड काय जातं तर चुकलेला आकडा तसाच ठेवणं. हात आपोआप खोडायला जातो. एक मुलगा एकदा माझ्यासमोर उभा राहून सांगत होता की मॅडम रीडिंग ९७.१ येतंय, मी काय लिहू? काय लिहू! जे आलं ते लिही ना बाळा. त्याला खोटं बोलायचं नव्हतं हो, त्याला तीन वर्षं कोणी हे सांगितलंच नव्हतं की आलेला आकडा लिहिणं हेच काम आहे. औषधाच्या गोळीच्या बाबतीत ही सवय किती महागात पडू शकते हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून पोर्टफोलिओ आणि रिफ्लेक्शन आपल्याकडे यावं असं मला फार वाटतं. फक्त ते खऱ्या नोंदीवर उभं राहिलं पाहिजे. खाली नोंद खोटी आणि वर त्यावर अर्धं पान विचार, असं झालं तर आपण पोरांना आधीपेक्षा वाईट काहीतरी शिकवू.

भाचीच्या ग्रुपचं उदाहरण देते, कारण त्यात सगळं आलं. फील्ड प्रोजेक्ट म्हणून ठाण्यातल्या एका तलावाच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा होता, विंकलरची पद्धत, १८८८ पासूनची. बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा न राहता भरायची, तिथल्या तिथे मँगनीज सल्फेट आणि अल्कलाईन आयोडाईड घालायचं, तपकिरी गाळ बसतो, मग ॲसिड घालून तो विरघळवायचा आणि जे आयोडीन सुटतं ते थायोसल्फेटने टायट्रेट करायचं, शेवटाला स्टार्च टाकून निळा रंग जाईपर्यंत. एका ग्रुपने सकाळी सातच्या आसपास पाणी घेतलं, लिटरला ४.२ मिलिग्रॅम आलं. भाचीच्या ग्रुपने दुपारी दोनला घेतलं, ८.९ आलं. आता तीस डिग्रीच्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त साडेसातच्या आसपास ऑक्सिजन मावतो, त्यामुळे ८.९ बघून सगळ्यांनी ठरवलं की यांचं चुकलं. रिपोर्टची तारीख जवळ आलेली, दोन्हीची सरासरी काढली, ६.५५ लिहिलं, तलावाचं पाणी समाधानकारक आहे असा निष्कर्ष काढला, स्पायरल बाइंडिंग केलं आणि दिलं. मार्क चांगले मिळाले.

मला तिने हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, तलाव हिरवा होता का गं? म्हणाली हो, खूप हिरवा. मग दुपारी उन्हात ते शेवाळ ऑक्सिजन सोडणारच की, पाण्यात मावतो त्याहून जास्तही होऊ शकतो, आणि रात्रभर तेच शेवाळ आणि बाकीचे जीव तो वापरून टाकतात म्हणून सकाळी कमी. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, आणि एकत्र ठेवले तर ते सांगतायत की या तलावात खत किंवा सांडपाणी जास्त जातंय आणि पहाटे माशांचा श्वास अडत असणार. किंवा दुसरी शक्यता, तिच्या ग्रुपच्या बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला होता. तिला आठवत होतं की एका बाटलीचं बूच लावताना गडबड झाली होती. यातलं कोणतं खरं हे बसल्या जागी विचार करून कळत नाही, परत जाऊन सकाळी आणि दुपारी त्याच हाताने, तशाच बाटलीत पाणी घेऊनच कळतं. तर "४.२ आणि ८.९ आले, आम्हाला दोन कारणं वाटतात, फरक करायला आम्ही अमुक करू" या तीन ओळी मला रिफ्लेक्शन म्हणून हव्यात. ६.५५ या आकड्यात तलाव नाहीये, मुलं नाहीयेत, काहीच नाहीये.

यातूनच माझी सगळ्यात महत्त्वाची मागणी येते. परत करायची संधी द्या. आपल्या टाईमटेबलात प्रत्येक प्रॅक्टिकल एकदाच होतं, झालं की पुढचं. डेव्हिड कोल्ब या शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं, अनुभव घ्या, त्याकडे वळून बघा, त्यातून काही कल्पना बांधा आणि मग ती करून तपासा, आणि ते चक्र शेवटच्या पायरीवर येऊन परत अनुभवाला मिळतं म्हणून तर त्याला चक्र म्हणायचं. आपण मुलांना विचारणार की पुढच्या वेळी काय वेगळं कराल, आणि पुढची वेळ कधी येणारच नाही, तर कोण कशाला मनापासून लिहील? सेमिस्टरमधले दोन प्रयोग कमी करा, खरंच करा, आणि त्या दोन आठवड्यांत प्रत्येकाला स्वतःचा सगळ्यात फसलेला प्रयोग परत करू द्या. सिलॅबस पूर्ण होत नाही हे मला माहितीये. पण बारा प्रयोग उरकण्यापेक्षा दहा करून त्यातला एक नीट कळणं बरं, आणि ऑटोनॉमस म्हणजे स्वायत्त कॉलेजांना तर हे स्वतःच्या बोर्डात ठरवता येतं.

आता मार्कांचं. इथे सगळं घोडं अडतं. समजा एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं की माझ्या ब्युरेटचा कॉक गळत होता, म्हणून पहिली दोन रीडिंग्ज धरू नयेत, आणि त्यावर तुम्ही लाल पेनने लिहिलंत की रिझल्ट अपेक्षित उत्तराशी जुळत नाही, एक मार्क कमी. ही बातमी कॅन्टीनपर्यंत जायला दहा मिनिटं लागतात. त्यानंतर त्या बॅचमध्ये कोणाचाही कॉक कधीच गळणार नाही. म्हणून उत्तर जुळण्याला इथे मार्क देऊच नका, त्याला एक्झाम आहे. इथे बघा की मूल स्वतःच्या एखाद्या ठरावीक आकड्याकडे किंवा दिसलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतंय का, त्याने दिलेलं कारण तपासता येण्यासारखं आहे का, आणि जमलं तिथे तपासलं का. "माझं दुर्लक्ष झालं, पुढे काळजी घेईन" याला शून्य द्या आणि का दिला तेही सांगा, कारण ते वाक्य कुठल्याही प्रयोगाखाली चालतं. आणि हो, मुलं खरं लिहायला लागली की तुमच्या लॅबची हालतही त्यात दिसायला लागेल, गळके कॉक, हलणारा बॅलन्स, डिस्टिल्ड वॉटरच्या नावाखाली काय येतंय ते. ते मॅनेजमेंटसमोर ठेवायला तुमच्याच कामाला येईल.

फॉरमॅट फार देऊ नका अशीही विनंती आहे. गिब्ज या शिक्षणतज्ज्ञाचा रिफ्लेक्शन लिहिण्याचा १९८८ चा सहा पायऱ्यांचा साचा सगळीकडे फिरतो, काय घडलं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, विश्लेषण, निष्कर्ष, पुढे काय. नर्सिंगसारख्या कामात, जिथे समोर पेशंट असतो, तिथे काय वाटलं हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. टायट्रेशननंतर तो चौकोन छापून दिला की त्यात "मला खूप आनंद झाला" एवढंच येणार, साठच्या साठ मुलांचं. एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून नवीन कॉम्पिटन्सी बेस्ड अभ्यासक्रम आला, त्यात लॉगबुक आहे, रिफ्लेक्शन आहे, हेतू उत्तम आहे, आणि तरीही ओळखीतली मेडिकलची मुलं सांगतात की तयार रिफ्लेक्शनच्या पीडीएफ ग्रुपवर फिरतात. आता तर चॅटजीपीटी आहे, ते अर्ध्या मिनिटात अगदी मनापासून लिहिल्यासारखं पान देतं. ते पकडायच्या मागे लागू नका, हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा बेंचवरच, प्रॅक्टिकलची शेवटची दहा मिनिटं राखून, जर्नलच्याच पानावर, पेनने लिहून घ्या आणि पान तिथेच सही करून ठेवा. तुझं तिसरं रीडिंग असं का आलं हे त्या बेंचवर जो उभा होता त्यालाच माहीत असतं.

आणि सेमिस्टरच्या शेवटी पोर्टफोलिओ म्हणून सगळं बाइंड करून मागू नका. सगळं असतं ते जर्नल, त्यातून निवडलेलं असतं ते पोर्टफोलिओ. तीन पानं निवडायला सांगा, त्यातलं एक फसलेल्या प्रयोगाचं असलंच पाहिजे, आणि प्रत्येक का निवडलं ते चार ओळीत. व्हायवाला एक्झामिनरने बफर म्हणजे काय विचारण्याच्या आधी ती तीन पानं उघडावीत आणि तिथून सुरुवात करावी. मायकल फॅरेडेने आपल्या प्रयोगांच्या डायरीत परिच्छेदांना नंबर देत देत सोळा हजारांच्या पुढे मजल मारली, आणि १८४९ मध्ये गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा काही संबंध लागतो का ते शोधताना त्याच्या हाती काहीच लागलं नाही तेही त्याने तसंच लिहून ठेवलं, पुढे छापायलाही दिलं. आपल्या पोरांना निदान एक फसलेलं पान अभिमानाने दाखवता यावं ना.

भाषेचं एक सांगायचंच आहे. कळवा, दिवा, बदलापूर, शहापूरहून येणारी कितीतरी मुलं मराठी माध्यमातली असतात. प्रोसिजर इंग्लिशमध्ये पाठ करून लिहिता येते, पण "मला इथे शंका आली" हे परक्या भाषेत लिहायचं म्हटलं की ती तयार वाक्य शोधायला लागतात. रिफ्लेक्शनचा भाग मराठीत, हिंदीत, मिक्स, जसं येईल तसं लिहू द्या, टर्म्स इंग्लिश राहिल्या तरी चालतात. माझ्या लॅबमध्ये पण चौकशी बसते तेव्हा आधी सगळं मराठीत बोलून होतं, तेव्हाच खरं कारण सापडतं, मग आम्ही ते इंग्लिशमध्ये उतरवतो.

शिक्षकांचं दुःखही मला दिसतंय. एका बॅचला वीस-बावीस मुलं, आठवड्याला चार-पाच बॅचेस, कोण वाचणार एवढं? त्यात कितीतरी मॅडम-सर तासिका तत्त्वावर आहेत, त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, तपासायला बसलेल्या तासाचे नाही. मग त्यांच्याकडून मनापासून वाचण्याची अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? पोर्टफोलिओ आणायचा असेल तर वाचण्याचा वेळ वर्कलोडमध्ये धरा, हे बोर्डाने आणि मॅनेजमेंटने आधी ठरवावं आणि मगच सर्क्युलर काढावं. दर आठवड्याला सगळ्यांचं वाचायची गरजही नाही, पाच-पाच जणांचं आळीपाळीने वाचलं आणि खाली एक खरा प्रश्न लिहिला तरी पुष्कळ. सुटलेली गोष्ट दाखवणारा एक प्रश्न. नुसत्या टिकमार्कने मुलाला कळतं की कोणी वाचलं नाही, आणि मग तेही लिहायचं सोडतं.

ट्रेनिंगसाठी लांब कोणाला शोधायची गरज नाही. वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दला टीआयएफआर या संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, बी.एस्सी.च्या मुलांसाठी २००४ पासून त्यांचा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा कार्यक्रम आहे, विज्ञान कसं शिकवावं यावर आयुष्य घालवलेली माणसं तिथे आहेत. त्यांना बोलवा, किंवा तुम्ही जा.

माझ्याकडून करता येण्यासारखं एक आहे. तुमच्यापैकी कोणत्याही कॉलेजने सांगितलं तर शनिवारी मी येईन, माझ्यासारखे रबाळे-महापे पट्ट्यातले अजून दोघं-तिघं तयार आहेत. कंपनीची कागदपत्रं दाखवता येणार नाहीत, पण कोरी नोंदवही घेऊन मुलांसमोर एक टायट्रेशन करू, आकडा चुकला की तो कसा ठेवायचा, रेघ कशी मारायची, कारण कसं लिहायचं ते करून दाखवू, आणि मग मुलांकडून करून घेऊ. त्याचे पैसे नकोत. फक्त त्या दिवशी वापरलेली पानं मुलांच्या जर्नलला लागली पाहिजेत आणि त्यावर तुमची सही झाली पाहिजे, खाडाखोडीसकट.

आपली,
ऐरोलीची एक क्यूसी केमिस्ट